करंगळीपाशी फाटणारे बूट: रुंद चवड्याच्या पायांसाठी

आत्ताच्या जोडाआधीच्या सहा वर्षांत मी ट्रेकचे चार जोड घेतले आणि चारही एकाच जागी फाटले. बाहेरच्या बाजूला, करंगळीचा सांधा येतो तिथे. आधी तिथलं कापड फुगायचं, मग शिवण उसवायची, मग कापड सोलपासून सुटायचं. ग्रिप जेमतेम झिजलेली असायची, टाच धडधाकट असायची, पण बूट बाद. आणि बूट फाटायच्या आधी पाय जे सोसायचा ते वेगळंच. सिंहगड चढताना काही जाणवायचं नाही. पुणे दरवाजातून आतकरवाडीकडे उतरायला लागलं की अर्ध्या तासात करंगळी जळायला लागायची, घरी मोजे काढले की फोड, आणि आठवड्याभरात अंगठ्याचं नख काळं.

वेताळ टेकडीवर, तळजाईवर माझ्यासारखे फताडे पाय असलेल्या बऱ्याच जणी भेटतात. गप्पा बुटांवर आल्या की कहाणी हीच निघते, आणि केलेला उपायही एकच असतो: पुढच्या वेळी एक नंबर मोठा घेतला. तरी दुखणं परत आलं. ते का परत येतं आणि माझ्यापुरतं मी ते कसं थांबवलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. पाय बाईचा असो की पुरुषाचा, बहुतेक सगळं लागू पडेल. बायकांसाठी एक जास्तीची वाट आहे, ती पुढे येईल.

नंबर वाढवून का भागत नाही

बुटाचा नंबर फक्त लांबी सांगतो. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण ८.५ मिलिमीटर. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं आहे: तीन दाणे ओळीने ठेवले की एक इंच, आणि एक दाणा म्हणजे एक नंबर. अमेरिकी नंबरही तेवढ्याच अंतराने वाढतो, मोजणी फक्त वेगळ्या जागेपासून सुरू होते. ३८, ३९, ४० असे जे युरोपी नंबर असतात ते ६.६७ मिलिमीटरने वाढतात.

लांबी वाढली की रुंदीही थोडी वाढते, पण एका नंबरामागे चवड्यापाशी जेमतेम दोन मिलिमीटर. आता माझा हिशोब बघा. माझ्या उजव्या पायाला चवड्यात आठ मिलिमीटर जागा कमी पडत होती. ती नंबर वाढवून मिळवायची तर चार नंबर मोठा बूट हवा, म्हणजे बोटांपुढे जवळपास साडेतीन सेंटिमीटर जास्तीची पोकळी. तसा बूट घालून घसाऱ्यावरून उतरणं धोक्याचं आहे.

मी दोन नंबरांपर्यंत गेले होते. त्यातून नवी दुखणी सुरू झाली. बूट जिथे वाकायला हवा ती जागा माझ्या बोटांच्या सांध्यापुढे गेली, त्यामुळे प्रत्येक पावलाला तळव्याखाली काहीतरी अडल्यासारखं वाटायचं. टाच आत वर-खाली व्हायची. ती धरण्यासाठी नाड्या आवळल्या की पायाची वरची बाजू बधिर व्हायची. आणि एवढं करूनही उतारावर पाय पुढे सरकून अंगठा आदळायचाच. काळं नख म्हणजे बूट लहान, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मोठ्या बुटातही नख काळं पडतं, कारण आत पाय कशानेच धरलेला नसतो.

मोची काकांनी बूट समोरून धरला

चौथा जोड फाटला तेव्हा तो शिवून तरी घ्यावा म्हणून आमच्या पेठेतल्या मोची काकांकडे नेला. कितीतरी वर्षं ते त्याच कोपऱ्यावर बसतात. त्यांनी बुटात हात घातला, करंगळीच्या जागी बोटं फिरवली, मग बूट उलटा करून सोल पाहिला.

"ताई, शिवून देतो, पण परत फाटणार."

का, असं विचारल्यावर त्यांनी बूट माझ्यासमोर डोळ्यांच्या रेषेत धरला. बाहेरच्या बाजूचं कापड सोलच्या काठाबाहेर चांगलं बोटभर ओघळलं होतं.

"पाय सोलवर मावतच नाही तुमचा. तुम्ही कापडावर चालताय. कलबूत बारीक आहे, त्यात शिवणीचा काय दोष?"

त्या दिवशी मला माझं दुखणं पहिल्यांदा नीट कळलं. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, ज्यावर बूट ताणून बनवतात. पूर्वी लाकडाचा असायचा, आता कारखान्यांत प्लास्टिकचा असतो. बूट कितीही महाग असो, कापड कितीही लवचिक असो, त्याचा आकार कलबुताने ठरवलेला असतो. एकाच नंबराचे दोन कंपन्यांचे बूट दोन वेगळ्या पायांसाठी बनवल्यासारखे का वाटतात, त्याचं कारण हेच. आपण दुकानात नंबर विचारतो. विचारायला हवा तो साच्याचा आकार.

आणि हे साचे आपल्या पायांवरून घेतलेले नाहीत. आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळापासून ब्रिटिश मापं चालत आली, मग त्यात युरोपी आणि अमेरिकी मापांची भर पडली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. भारतीयांचे पाय युरोपी आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, हे त्यातून समोर आलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली आहे. ही बातमी वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं. लहानपणापासून "काय गं तुझे पाय, नांगरासारखे" हे ऐकत आले होते. पाय ठीकच होते.

घरात अनवाणी किंवा मोकळ्या चपलेत वाढलेल्या पायाचा चवडा पसरलेला राहतो, बोटं सुटी राहतात. कोल्हापुरीत असा पाय कधी तक्रार करत नाही, कारण तिथे बोटांना बाजूची भिंतच नाही. बंद बुटात शिरल्यावर त्याच पायाचं दुखणं सुरू होतं.

आधी पाय मोजा, आणि संध्याकाळीच

दुकानात जाण्याआधी हे घरी करा. दहा मिनिटं लागतात.

दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा सुजतो, म्हणून सकाळचं माप खोटं निघतं. पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चाललेल्या कोणालाही विचारा, दिवेघाट चढून वर येईपर्यंत सकाळी सैल असलेली चप्पल कशी घट्ट होते ते. शक्यतो टेकडीवर तासभर चालून आल्यावरच मोजा.

कागद जमिनीवर भिंतीला चिकटवून ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन सरळ उभे राहा. रेघ दुसऱ्या कोणाला तरी मारायला सांगा. आपण स्वतः वाकलो की वजन टाचेवर जातं आणि चवडा आक्रसतो. पेन्सिल उभी धरायची. तिरकी धरली की पायाखाली शिरते आणि रुंदी कमी दिसते. माझ्या भावाने पहिल्यांदा अशीच तिरकी रेघ मारली होती आणि मला चार मिलिमीटर कमी दाखवले होते. मग टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी घ्या. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. रुंदी घ्यायची ती अंगठ्याच्या मुळाच्या फुगवट्यापासून करंगळीच्या मुळाच्या फुगवट्यापर्यंत, तिरकी. दोन्ही पायांची मापं घ्या आणि पुढचा सगळा विचार मोठ्या पायाचा करा.

माझा उजवा पाय निघाला २४४ मिलिमीटर लांब आणि ९८ रुंद, डावा २४१ आणि ९६. माझा एक ठोकताळा आहे: रुंदी लांबीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोचली की साध्या रुंदीच्या ट्रेकिंग बुटात सुख मिळायचं नाही. हा माझा आणि टेकडीवरच्या पाच-सहा जणींचा अनुभव आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही.

ज्यांनी बरेच दिवसांत पाय मोजलेला नाही त्यांनी तर नक्की मोजा. वयानुसार पाय पसरतो. गरोदरपणात अस्थिबंध सैल होतात आणि पायाची लांबी वाढते, ती बाळंतपणानंतर पुष्कळदा तशीच राहते. धाकटीच्या जन्मानंतर मी सात वर्षं जुन्याच नंबराचे बूट घेत होते, कारण 'माझा नंबर पाच' हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

यानंतरची चाचणी सगळ्यात उपयोगाची. सध्याच्या बुटातला आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाय कुठे बाहेर जातो ते बघा. मांसल भाग कडेला एखाद-दोन मिलिमीटर ओघळला तर चालतं. हाडाचा सांधाच काठावर किंवा काठाबाहेर असेल तर तो बूट तुमचा नाही. माझ्या फाटक्या बुटाचा आतला सोल चवड्यापाशी ९० मिलिमीटर होता आणि त्यावर ९८ चा पाय उभा होता. मोची काकांनी नजरेने ओळखलेली गोष्ट फुटपट्टीवर दिसली.

दुखतं कुठे, त्यावरून कमी काय आहे ते ओळखा

'बूट चावतो' एवढ्याने भागत नाही. कुठे चावतो हे नेमकं सांगता आलं पाहिजे, कारण प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे आणि चुकीचा उपाय दुखणं वाढवतो.

करंगळीच्या मुळाशी बाहेरून फोड येत असेल, तिथलं कापड फुगत असेल, तर चवड्याची रुंदी कमी आहे. इथे रुंद बूटच हवा, नाड्यांनी थोडाफार आराम मिळेल इतकंच. अशा बुटाचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. पायाचा बाहेरचा काठ सोलच्या बाहेर असल्यामुळे खाली आधार नसतो. मुरमाच्या तिरक्या वाटेवर घोटा बाहेरच्या बाजूला कलंडतो. रायलिंग पठाराकडे जाताना माझा घोटा असाच मुरगळला होता आणि मी दोष दगडाला दिला होता.

चवड्यापाशी ठीक, पण करंगळीच्या टोकाला किंवा नखाला घासतं, बोटं एकमेकांवर चढतात, करंगळीवर कुरूप होतं: इथे रुंदी पुरेशी असून टोक निमुळतं आहे. ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. 'वाइड' लिहिलेला बूटही पुढे बदामासारखा निमुळता असू शकतो. काही बुटांच्या रुंद आवृत्तीत तर सोल तोच ठेवून फक्त वरचं कापड सैल केलेलं असतं. म्हणून लेबलावर विसंबू नका, आतला सोल काढून स्वतःच्या पायाच्या आकृतीवर ठेवा. बोटांचा पंखा त्यात मावला पाहिजे.

तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधे मुंग्या येतात, आग होते, मोज्यात खडा अडकल्यासारखं वाटतं आणि बूट काढला की बरं वाटतं. चवड्याची हाडं दोन्ही बाजूंनी दाबली गेली की मधली नस चिमटते. याला डॉक्टर मॉर्टन न्यूरोमा म्हणतात. मोकळा बूट घालूनही महिनाभरात कमी झालं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगठ्याच्या मुळाचं हाड बाहेर येऊ लागलं असेल आणि अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकत असेल तरी तसंच. मधुमेह असलेल्यांनी तर साध्या फोडाकडेही दुर्लक्ष करू नये, कारण संवेदना कमी झाली असली तर जखम कळतच नाही.

नख काळं पडतं ते फक्त उतरताना? मग एक तर लांबी कमी आहे किंवा पाय आत सरकतो. दोन्हीची पारख सोपी आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेला पुढे झुकून उभे राहा आणि टाच हलते का बघा. टाच जागची हलत नाही आणि तरी बोट टेकतं, तर लांबी कमी. टाच मागून सुटते आणि मग बोट टेकतं, तर दोष पकडीचा आहे आणि तो नाड्यांनी सुटेल. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, दहा-बारा मिलिमीटर. आणि ट्रेकच्या दोन दिवस आधी नखं कापा, हे आई मला अजूनही सांगते आणि बरोबर सांगते.

पायाच्या वरच्या बाजूला, नाडीच्या गाठीखाली दुखतं त्यांचा पाय रुंद असेलच असं नाही, उंच असेल. रुंद बूट घेऊन त्यांचं भागणार नाही.

पुरुषांच्या विभागात जा

बुटाच्या रुंदीला अक्षरं असतात. पुरुषांच्या बुटात डी ही साधी रुंदी, टू ई रुंद, फोर ई जास्त रुंद. बायकांच्या बुटात बी ही साधी रुंदी आणि डी रुंद. म्हणजे बायकांच्या बुटात ज्याला 'रुंद' म्हणतात, ती पुरुषांच्या बुटाची साधी रुंदी. हे कळल्यावर माझा शोध निम्म्याने सोपा झाला. ब्रिटिश नंबरात पुरुष आणि बायकांची लांबी साधारण एकाच फुटपट्टीवर मोजली जाते, त्यामुळे बायकांचा सहा बसत असेल तर पुरुषांचा सहा मागून बघा. अमेरिकी नंबरात मात्र बायकांचा आकडा दीडने जास्त असतो. गोंधळ टाळायचा तर खोक्यावर सेंटिमीटर लिहिलेले असतात, ते वाचा.

पुरुषांच्या बुटात टाच थोडी सैल लागते. ज्या बायकांचा चवडा रुंद आणि टाच बारीक आहे त्यांना हे जाणवेल. त्याचा उपाय नाड्यांत आहे.

कंपन्यांबद्दल थोडंच सांगते, कारण मॉडेल दरवर्षी बदलतात. अल्ट्राचे बूट पायाच्या आकाराचे, पुढे पसरट असतात. त्यांच्यात ओरिजिनल, स्टँडर्ड आणि स्लिम अशा तीन ठेवणी आहेत, ओरिजिनल सगळ्यात मोकळी. टोपोचा पुढचा भागही असाच मोकळा. न्यू बॅलन्सच्या काही ट्रेल बुटांत टू ई, फोर ई मिळतात. होकाच्या स्पीडगोटची आणि ब्रूक्सच्या कॅस्केडियाची रुंद आवृत्ती असते, सॅलोमनच्याही काही मॉडेलची असते. पण दुकानात ठेवलेला जोड बहुतेक वेळा साध्या रुंदीचा असतो, रुंद मागवावा लागतो. परत करायची सोय आहे ना, हे मागवण्याआधी पक्कं करा आणि घरात फरशीवरच घालून बघा.

अल्ट्रासारख्या काही बुटांत टाच आणि चवडा एकाच उंचीवर असतात. सवय नसेल तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणली जाते. असा बूट घालून थेट कात्रज ते सिंहगड ही रात्रभराची चाल करू नका. तिथल्या टेकड्यांचा चढ-उतार पोटऱ्यांची आधीच परीक्षा घेतो. महिनाभर हनुमान टेकडीवर रोज थोडं थोडं चाला, मग डोंगर.

दुकानात मला तीनदा एकच वाक्य ऐकायला मिळालं: "वापरून सैल होईल, मॅडम." चामड्याचा बूट होतो. आजच्या ट्रेल बुटात करंगळीच्या बाहेर रबराचा किंवा प्लास्टिकचा पातळ पट्टा वितळवून चिकटवलेला असतो, तो ताणला जात नाही, तो फाटतो. एका दुकानात मी आतला सोल काढून बघू का म्हटलं तर नाही म्हणाले. तिथून मी बूट न घेता निघाले. तुम्हीही निघा. पायाची कागदावरची आकृती कापून पर्समध्ये न्या, ट्रेकचेच मोजे न्या, संध्याकाळी जा, दोन्ही बूट घाला, आणि जिना असेल तर दोनदा उतरून बघा. सपाट फरशीवर सगळेच बूट चांगले वाटतात.

जलरोधक बुटाबद्दल माझं मत ठाम आहे. सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून, घोट्यातून आत येतं आणि अस्तरामुळे बाहेर जात नाही. शिवाय ते अस्तर आतली जागा खातं आणि ताणलं जात नाही. चार तास ओल्या बुटात राहिलेला पाय फुगतो, कातडी मऊ पडते, अशा वेळी करंगळीपाशी एक मिलिमीटरही कमी पडला की साल निघते. रुंद पायाला जाळीदार, पाणी निथळू देणारा बूटच बरा. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, पण जाड नकोत. जाड मोजा घातला की मेहनतीने शोधलेली रुंदी मोज्यालाच जाते. पाच बोटांचे मोजे मला मानवले, फोड बोटांच्या मधे येत असतील तर वापरून बघा.

नाड्यांचं काम

रुंद पायाला दोन उलट गोष्टी हव्या असतात: चवड्यात सैल आणि टाचेत घट्ट. एकच नाडी सगळीकडे सारखी ओढली तर दोन्ही जमत नाहीत. म्हणून नाडी दोन भागांत बांधायची.

नाडी पूर्ण काढा. सगळ्यात खालच्या भोकांतून नेहमीसारखी घाला. त्यानंतर चवडा सर्वांत रुंद असतो तिथे फुली मारू नका. दोन्ही नाड्या आपापल्या बाजूने सरळ वर, पुढच्या भोकात न्या. तेवढ्या जागी कापडाला आडवा ताण राहत नाही आणि करंगळीला लगेच मोकळं वाटतं. त्याच्या वर पुन्हा फुल्या. पाऊल घोट्याकडे वळतं तिथे दोन्ही नाड्यांना एकमेकींभोवती दोन पीळ द्या, म्हणजे वरचा ताण खाली उतरत नाही.

आता टाच. घोट्याजवळ वर एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक लोक ते रिकामं ठेवतात. प्रत्येक नाडी बाहेरून त्याच बाजूच्या त्या भोकात आत घाला, म्हणजे दोन्हीकडे एकेक लहान फासा तयार होईल. उजवी नाडी डाव्या फाशातून, डावी उजव्या फाशातून काढा. टाच जमिनीवर ठोकून बुटात मागे बसवा, मग नाड्या खाली आणि मागे ओढा. टाच जागी बसल्याचं कळतं. मग गाठ. पहिल्या वेळी पाच मिनिटं लागतात, पुढे एक मिनिट.

एवढं करूनही टाच सुटत असेल तर बुटाच्या जिभेखाली फोमचा पातळ तुकडा चिकटवा. पाय मागे ढकलला जातो आणि चवड्याची जागा जात नाही. टाचेमागे गादी लावू नका, ती पायाला पुढे ढकलते आणि नखांचं दुखणं परत येतं.

जुना जोड टाकवत नसेल तर

नाड्या वर सांगितल्याप्रमाणे बांधा, आणि आतला जाड सोल काढून पातळ घाला. आत थोडी उंची मिळते, रुंदी नाही. चामड्याचा बूट असेल तर मोची काकांसारखे जाणते कारागीर करंगळीच्या जागी साच्याचा फुगवटा लावून दोन-तीन दिवसांत जागा करून देतात. सिंथेटिकला हे फारसं लागू पडत नाही. माझ्या जुन्या जोडाला त्यांनी फाटलेल्या जागी आतून मऊ चामड्याचं ठिगळ लावून दिलं. टेकडीसाठी तो अजून चालतो. गडावर मी तो नेत नाही, कारण ठिगळाने कापड सांधलं जातं, सोल रुंद होत नाही.

आता वापरते तो जोड पुरुषांचा, यूके सहा, टू ई रुंदीचा आहे. दीड वर्ष झालं. यात राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड झाले, सिंहगड किती वेळा ते मोजलं नाही. करंगळीपाशी कापड सपाट आहे, अंगठ्याचं नख पूर्ण नवं आलं आहे. डावी टाच अजून थोडी सुटते, कारण डावा पाय तीन मिलिमीटर लहान आहे. म्हणून उतरायच्या आधी पुणे दरवाजापाशी ताकवाल्या मावशींशेजारी बसते, डाव्या बुटाची नाडी सोडते, टाच दगडावर ठोकते आणि पुन्हा बांधते. "झालं का गं तुझं बांधून?" असं मावशी आता दर रविवारी विचारतात.